पाणी कसं दिलं?

श्रीपत तायड्यांना हळू बोलता येत नसे. लखनऊच्या इंदिरानगरात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते खाली, आम्ही वर. जेवताना त्यांनी बायकोकडे मीठ मागितलं की आमच्या स्वयंपाकघरातली मनीषा मिठाच्या डब्याकडे वळायची. मनीषा म्हणजे माझी बायको. ती म्हणायची, या माणसाने आयुष्यात कधी चोरी केली नसणार, कारण चोरी करताना गप्प राहावं लागतं.

तायडे मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकरकडचे. जमिनीखालच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. बदली होऊन आले आणि इथेच रमले. मी साताऱ्याचा, बँकेतला. मी रमलो नव्हतो. मे महिन्यातली लखनऊची लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, अंगावर घेत रोज स्कूटरने चिनहटच्या शाखेत जायचं आणि परत येऊन बदलीचा अर्ज कसा लिहावा याचा विचार करायचा, हा माझा दिनक्रम. तायडे मला म्हणत, "अहो नंदकुमार, माणसानं जिथं पाणी लागतं तिथं राहावं. इथं तर वीस हातांवर पाणी लागतं."

त्यांच्या घरच्या दोन गोष्टी मला विचित्र वाटायच्या. एक म्हणजे तायडे पाणी कधीही वरून पीत नसत. मी जन्मापासून तांब्या वर धरून घटाघटा पिणारा. ते भांडं ओठाला लावूनच पीत, कुठेही, कुणाकडेही. एकदा मी त्यांची फिरकी घेतली, "काय तायडेसाहेब, शर्टावर सांडेल म्हणून भिता काय?" ते मोठ्याने हसले. "भीत नाही. शाळेत होतो तोवर फक्त वरूनच प्यालो. दुसऱ्यानं ओतायचं, आपण खाली ओंजळ धरायची. तो कोटा संपला." एवढं बोलून त्यांनी भांडं तोंडाला लावलं. मी पुन्हा त्या विषयावर चेष्टा केली नाही.

दुसरी गोष्ट द्रौपदीवहिनींची. तायडे गावोगावच्या विहिरी, बोअर तपासून परतले की दारातच वहिनी विचारायच्या, "पाणी कसं दिलं?" जेवलात का, उशीर का झाला, हे सगळं नंतर. तायडे चपला काढता काढता उत्तर द्यायचे, "ग्लासात दिलं," किंवा "चहाच दिला," किंवा नुसतंच "हूं." हा हूं आला की वहिनी पुढे विचारायच्या नाहीत. मला वाटायचं, पाण्याच्या खात्यातल्या माणसाची बायको, पाण्याचीच चौकशी करणार.

आता रेडॉन. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला जुन्या लखनऊच्या चौक बाजारात, गोटी सोड्याच्या गाडीपाशी. साताऱ्याला पाठवायला चिकनच्या भरतकामाचे कुर्ते घ्यायचे होते आणि भाव करायला मी तायड्यांना नेलं होतं, कारण त्यांच्या आवाजापुढे दुकानदार लवकर उतरत. काम झाल्यावर सोडा घ्यायला थांबलो, तर साहेब तिथेच शिकवायला लागले.

"हे पाहा. जमिनीखालच्या वाळूत, मातीत रेडियमचे कण असतात. थोडेसेच, पण सगळीकडे. तुमच्या साताऱ्यातही. ते आपोआप मोडत राहतात आणि त्यातून निघतो रेडॉन. वायू आहे. रंग नाही, वास नाही, चव नाही. कशाशी संयोग पावत नाही, कुणाला चिकटत नाही. वाळूच्या फटीफटींतून पाणी सरकतं तेव्हा हा त्यात विरघळून बसतो. पाणी जमिनीच्या पोटात आहे तोवर हा पाण्यात. आणि पाण्याला मोकळी हवा लागली की..."

त्यांनी अंगठ्याने गोटी आत दाबली. बाटली फसफसली.

"गेला! अन् चुकून राहिला तरी टिकत नाही. साधारण चार दिवसांत निम्मा होतो, पुढच्या चार दिवसांत निम्म्याचा निम्मा. म्हणून नदीच्या, नहरेच्या म्हणजे कालव्याच्या पाण्यात तो नसल्यातच जमा. पण विहिरीच्या ताज्या पाण्यात चांगला सापडला, तर समजायचं की हे पाणी बाहेरून येऊन पडलेलं नाही. जमिनीत मुरून, मुक्काम करून आलंय."

"म्हणजे पाण्याचं जन्मगाव कळतं."

"हाव! बरोबर बोलले."

एव्हाना गल्लीतले चारदोन लोक थांबून ऐकत होते. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण रेडियम हा शब्द कळला होता. सोडेवाला घाबरून म्हणाला, "भाई साहब, हमारे सोडे में क्या मिला बता रहे हैं?" तायड्यांनी त्याला तेवढ्याच जोरात हिंदीतून समजावलं की तुझ्या सोड्यात फक्त सोडा आहे. मग मी हळूच विचारलं, की हा रेडॉन पिण्यात गेला तर? ते म्हणाले, काही खडकाळ मुलखांत, बंद तळघरांत तो हवेत साठला तर फुप्फुसांना वाईट, आपल्या या गाळाच्या मैदानातल्या पाण्यात असतो तो थोडका. पाणी उकळा, ओता, उघडं ठेवा, निघून जातो. मोजायचा झाला तर मात्र त्याला पळू न देता पकडावं लागतं, आणि तेच अवघड. पकडायचं कसं, हे ते मुंबईला जाऊन शिकून आले होते. त्याचं यंत्र त्यांच्या प्रयोगशाळेत नुकतंच लागलं होतं. नव्या सुनेबद्दल सासू बोलते तसं ते त्या यंत्राबद्दल बोलत, कौतुकही आणि धाकही.

चिनहटच्या माझ्या शाखेत दर महिन्याला शिवदुलारी तिवारी नावाच्या एक म्हाताऱ्या अम्मा विधवा पेन्शन घ्यायला येत. कारखान्यांच्या मागे त्यांची वस्ती होती. काउंटरवर रांग असली तरी त्या माझ्या टेबलापुढे येऊन बसत आणि घरचं सांगत. मला राग आला तरी उपयोग नव्हता, त्यांना माझा राग दिसतच नसे. त्यांच्याकडून मला कळलं की नवऱ्याने लग्नाच्या वर्षी दारात विहीर खणली, आणि तिन्ही मुलांच्या लग्नात त्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसल्या होत्या. हे काय नवीन, म्हणून मी पेन खाली ठेवलं. तर इकडची रीत अशी की वरात निघायच्या आधी नवऱ्या मुलाची आई विहिरीत पाय सोडून बसते आणि म्हणते, आता मी जीव देते, माझं कोण आहे? मग मुलगा येतो, तिची मनधरणी करतो, तू म्हणशील ते करीन असं वचन देतो, तेव्हा ती उठते. सगळं लटकं, सगळे हसतात. अम्मांना आता नातवाच्या लग्नात सुनेला तसं बसवायचं होतं.

त्या मे महिन्यात अम्मा आल्या त्या रडतच. कारखान्यांकडे जाणारा रस्ता रुंद होणार होता आणि विहीर आखणीत येत होती. तिला वळसा घालता आला असता. पण रस्त्याच्या इंजिनियरचं म्हणणं, ही विहीर मुळात मेलेली आहे. शेजारून नहरेची एक फांदी जाते, तिच्या काठाला घुशींनी बिळं पाडली आहेत, तिचंच पाणी विहिरीत उतरतं. उद्या नहर पक्की बांधली की विहीर कोरडी पडणार, मग तिच्यासाठी रस्ता वाकडा का करायचा? ऐकायला बरोबर वाटतं, आणि बरोबर वाटणाऱ्या गोष्टींचाच मला जास्त संताप येतो. वस्तीतल्या हापशाचं पाणी गंजट होतं, पिववत नसे. सगळं घर आणि गुरं त्या विहिरीवर होती. अम्मा म्हणाल्या, "बाबूजी, ऊ कुआँ मरा नाहीं है. हम जानित है." पण अम्मा जाणतात हे कोणत्या इंजिनियरला चालणार?

संध्याकाळी मी तायड्यांना घ्यायला प्रयोगशाळेत गेलो. त्यांची जीप गॅरेजात होती आणि मी त्यांचा फुकटचा ड्रायव्हर झालो होतो. विहिरीची हकिगत सांगितली तर ते म्हणाले, "अहो, ती तर आमच्याकडेच आहे! इंजिनियरनं रेडॉनसाठीच नमुना मागवला. नरेंद्र आणून बसलाय. जवळजवळ शून्य आलं. उद्या रिपोर्ट जाणार." माझं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी नरेंद्रला हाक मारली. नरेंद्र श्रीवास्तव, त्यांच्या हाताखालचा तरुण, रायबरेलीचा, कामसू मुलगा.

"नरेंद्र, वो चिनहट वाले कुएँ का सैंपल कैसे भरा?"

"सर, बड़ी इज़्ज़त से भरवाया," नरेंद्र खुशीत सांगू लागला. "चबूतरे पर चढ़ने नहीं दिया, बाल्टी को हाथ नहीं लगाने दिया. माताजी ने खुद लोटा लेकर दूर से, ऊपर से पतली धार बाँधकर शीशी भर दी. एक बूँद नहीं गिरी."

"तुमको भी ऊपर से दिया?"

"सबको देते हैं सर. बोले, बाहर का आदमी कौन है, कौन नहीं, हम पूछते ही नहीं. सबको ऊपर से."

तायडे हसायला लागले. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नरेंद्र कावराबावरा झाला.

"बेटा, ये इज़्ज़त मैं बचपन से पहचानता हूँ," ते म्हणाले. "तुम्हें पहली बार मिली है, इसलिए समझे नहीं. लोटे से शीशी तक आते-आते सारा रेडॉन हवा में गया. शून्य कुएँ का नहीं है, धार का है." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाटली पाण्याच्या आत बुडवून भरायची असते. आतल्या आत झाकण लावायचं, बुडबुडा राहता कामा नये. हात पाण्यात घालावाच लागतो, नंदकुमार. दुसरा उपाय नाही."

रिपोर्ट त्यांनी थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हात घालू देतील?" तायडे म्हणाले, "घालीन." त्यांचा मुलगा बुद्धभूषण कॉलेजात जाणारा, घरी मराठीत विचारलं तरी हिंदीत बोलायचा. तो आतून ओरडला, "पापा, कुर्ता नहीं, हाफ शर्ट पहनो, बाँह भीगेगी." तायड्यांनी मुकाट्याने शर्ट बदलला.

विहीर कडुलिंबाखाली होती, विटांच्या चौथऱ्यावर. पलीकडे दहा पावलांवर नहरेची फांदी तुडुंब वाहत होती, त्यामुळे इंजिनियरला वेड्यात काढता येत नव्हतं. अम्मांचा थोरला मुलगा रामकिशोर पिठाची चक्की चालवायचा. पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याने खाट टाकली, बशीत गूळ आणला. मग तायड्यांच्या ओळखपत्राकडे पाहत म्हणाला, "तायडे... ये टाइटिल इधर सुना नहीं. आप लोग कौन होते हैं?"

असं विचारलं की लोक काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेतात. तायडे वेळ मारून नेणारे नव्हते. "बौद्ध," ते म्हणाले. "मेरे बाप की पीढ़ी में महार थे. आपके इधर जो सबसे बाहर रहते हैं, वही समझ लीजिए." हेही नेहमीच्याच आवाजात. गुरं पाजायला आलेली शेजारची माणसं वळून पाहू लागली. अम्मांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

रामकिशोर वाईट वागला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. तो फक्त वाटाघाटी करू लागला. म्हणाला, आम्ही भरून देतो. तायड्यांनी सोड्याच्या बाटलीचा धडा पुन्हा दिला आणि सांगितलं, तुम्ही पाणी वरून दिलं म्हणूनच तुमची विहीर कागदावर मेली. रामकिशोर विचारात पडला. म्हणाला, मग बाटली मी बुडवतो. तायडे म्हणाले, "शीशी मेरे हाथ की है. वही अंदर जाएगी. और काग़ज़ पर दस्तख़त मेरा होगा कि सैंपल मैंने लिया. आप डुबोएँ और मैं लिखूँ कि मैंने डुबोया? नहीं होगा."

"तो रहने दीजिए," रामकिशोर म्हणाला. "कुआँ जाए तो जाए. बाप-दादा का नेम नहीं जाएगा."

माझं डोकं फिरलं. मी मराठीत म्हणालो, "चला तायडेसाहेब, उठा. बुजवू दे यांची विहीर. यांची हीच लायकी आहे."

"थांबा हो नंदकुमार," तायडे म्हणाले. "विहिरीनं आपलं काय वाकडं केलंय?" आणि ते खाटेवर बाटली मांडीवर घेऊन बसून राहिले. बस चुकलेला माणूस दुसरीची वाट पाहतो तसे, अगदी निवांत.

अम्मा उठल्या, चौथऱ्यावर चढल्या, कठड्यावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही पाय विहिरीत सोडले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, कारण लग्नाशिवाय असं कुणी बसत नाही. अम्मा हसत नव्हत्या. "बियाहन मा तो झूठै बइठे रहन," त्या मुलाला म्हणाल्या, "आज सच्चै बइठे हन." लग्नांत लटकं बसले होते, आज खरंच बसलेय. रामकिशोर धावला. "अम्मा, ई का तमासा है, उठो!" अम्मांनी पाय आणखी खाली सोडले. मला भीती वाटली. कठडा जुना, म्हातारीचं वय झालेलं, आणि खाली खोल काळं पाणी.

रामकिशोर आईशेजारी गुडघ्यांवर बसला. लग्नात काय बोलतात ते त्याला पाठ होतं, तिथे जमलेल्या सगळ्यांना पाठ होतं. दुसरं काय बोलावं ते त्याला सुचेना, मग तो तेच बोलला, "अम्मा, उठो. जो कहिहौ, करब." पन्नाशीचा माणूस ढसाढसा रडत होता.

"साहेब का बाल्टी देव," अम्मा म्हणाल्या.

आधी बराच उपसा केला, कारण वर साचलेल्या पाण्यातला रेडॉन केव्हाच उडालेला असतो, झऱ्यातून नुकतं आलेलं पाणी हवं. मग बादली अलगद वर आली. तायड्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, बाटली तिरकी केली, आतली हवा बुडबुड करत बाहेर गेली, आणि पाण्यातच झाकण फिरवलं. बाटली उलटी करून उजेडात धरली. एकही बुडबुडा नव्हता. "नंदकुमार, पाहून घ्या. असा भरतात नमुना," ते मला म्हणाले, पण त्यांना सगळ्या वस्तीला सांगायचं होतं.

आम्ही स्कूटर सुरू केली तेव्हा मागे अम्मा ती बादली राखेने घासत होत्या. आधी आतून, मग बाहेरून. माझा पुन्हा भडका उडाला. तायडे मागे बसून म्हणाले, "घासू द्या. आकडा राखेनं जात नाही."

प्रयोगशाळेत त्यांनी बाटलीतल्या पाण्यातून हवा खेळवून तो वायू एका छोट्या डबीत घेतला. डबीला आतून लेप असतो. रेडॉनचा कण मोडला की त्यावर ठिणगी उमटते, आणि यंत्र त्या ठिणग्या मोजतं. पण लगेच मोजायचं नसतं, तीन तास थांबावं लागतं. ते तीन तास तायडे भाजलेले चणे खात नरेंद्रला बाटली बुडवायला शिकवत होते. मी बँकेत दांडी मारली होती. यंत्र सुरू झालं आणि आकडे असे पळू लागले की नरेंद्र खुर्चीवरून उठला. पहिल्या नमुन्यापेक्षा कितीतरी पट. विहीर जिवंत होती.

घरी दारात वहिनींनी विचारलं, "पाणी कसं दिलं?"

"दिलं नाही. मी हात घातला."

"बादली घासली असेल."

"घासली."

"घासू दे," वहिनी म्हणाल्या आणि पाटावरवंट्याकडे वळल्या. त्या दिवशी मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला. मी जिना चढून वर आलो.

विहिरीचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण ताणून धरलेल्या गोष्टी मला आवडत नाहीत. इंजिनियरने एका नमुन्यावर भागवलं नाही. म्हणाला, नहर बंद करून पुन्हा तपासा. जूनमध्ये दुरुस्तीसाठी ती फांदी बंद झाली, तळाचा चिखल तडकला, आणि विहिरीतलं पाणी वीतभरच उतरलं. दुसऱ्या नमुन्यातही रेडॉन तसाच भरघोस आला. रस्त्याला वळसा पडला. रागाच्या भरात इंजिनियरने जरा जास्तच मोठा वळसा दिला, त्यामुळे कडुलिंबही वाचला.

पण मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या नमुन्याबद्दल.

आम्ही पोचलो तेव्हा उपसा आधीच झालेला होता. रामकिशोर दोर धरून उभा होता. त्याने बादली काढून चौथऱ्यावर ठेवली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला. अम्मा बादलीजवळ बसल्या होत्या. तायड्यांनी हात बुडवला, बाटली भरली, आणि झाकण लावताना ते बोटांतून निसटलं. गटांगळ्या खात बादलीच्या तळाशी गेलं. एका हातात बाटली, ती बाहेर काढली तर हवा लागणार, सगळं पाणी फुकट. दुसरा हात कसा घालावा म्हणून ते कोन बदलत होते. मी पुढे झालो, पण चौथरा चढेपर्यंत अम्मांचा हात आत गेला होता. बाहीसकट, कोपराच्या वर. त्यांनी तळाचं झाकण चाचपून उचललं आणि पाण्यातच तायड्यांच्या बोटांत दिलं. "ई लेव," त्या म्हणाल्या.

तायड्यांनी झाकण फिरवलं. दोघांचे हात एकाच पाण्यात होते. वस्तीतलं कुणी हसलं नाही. असे दोन हात एका पाण्यात साताऱ्याच्या आमच्या आळीत मी कधी पाहिले नव्हते.

बाटली पेटीत ठेवून तायडे कपाळावरचा घाम पुसत खाटेवर बसले. ऊन चढलं होतं. अम्मा घरात गेल्या आणि पितळी तांब्या घेऊन आल्या. काठोकाठ भरलेला. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. तांब्या किती उंच जातो, एवढंच मला पाहायचं होतं. त्या तायड्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तांब्या खाली आणला. आणखी खाली. मग तो त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

तायड्यांनी तांब्या ओठाला लावला आणि सगळा संपवला. "बढ़िया पानी है, अम्मा," असं किंवा असलंच काहीतरी ते एरवी गावभर ऐकू जाईल असं म्हणाले असते. ते काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर फैजाबाद रोडभर मी आरशात पाहत होतो, हा माणूस मागे आहे ना, कारण मागून आवाजच येत नव्हता.

दारात द्रौपदीवहिनी उभ्या होत्या.

"पाणी कसं दिलं?"

तायडे चपला काढत होते. एक काढली, दुसरी तशीच राहिली. "तांब्या हातात दिला," ते म्हणाले. इतक्या हळू, की वर स्वयंपाकघरात मनीषाला ते ऐकू गेलं नसेल.

वहिनींनी विचारलं, "गार होतं का?"

"लय गार," तायडे म्हणाले.